कुड्ड आणि कूड : विनयपिटकातील मातीच्या भिंतीचा विचार

बौद्ध स्थापत्याचा इतिहास सांगताना अभ्यासकांची दृष्टी प्रथम डोंगरात कोरलेल्या लेण्यांकडे जाते. ते स्वाभाविकही आहे, कारण पाषाण टिकतो आणि माती विरून जाते. परंतु भाजे येथील चैत्यगृहात उभे राहून वर पाहिले, तर छताला लावलेल्या लाकडी फासळ्या स्पष्टपणे एक गोष्ट सांगतात : लेणे कोरणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर लाकडाची वास्तू होती. त्या काळी भिक्खूंची वसतिस्थाने बहुतांशी लाकूड, बांबू, गवत आणि माती यांचीच असत. त्या वास्तूंचे अवशेष आज आपल्या हाती नाहीत. मात्र त्या बांधताना कोणत्या अडचणी आल्या आणि त्यांवर कोणते उपाय योजले गेले, याची नोंद विनयपिटकाने जपून ठेवली आहे.

ही नोंद सहसा वाचली जात नाही. चुल्लवग्गातील ‘सेनासनक्खन्धक’ उघडला की वाचक जेतवनाच्या दानाची कथा वाचतो आणि भिंतीला कोणता लेप द्यावा हा तपशील ओलांडून पुढे जातो. प्रस्तुत लेखात आम्ही नेमक्या त्या तपशिलाकडे वळणार आहोत. मातीची भिंत स्थिर कशी करावी, तिला चीर जाऊ नये, पावसाने ती विरघळू नये, यासाठी काय मिसळावे हा प्रश्न आज वास्तुशास्त्राच्या प्रयोगशाळांत अभ्यासला जातो. त्याच प्रश्नाला आद्य भिक्खु संघ कसा सामोरा गेला आणि उत्तर शोधताना त्याने कोणती मर्यादा स्वतःवर घालून घेतली, हे पाहणे आमच्या मते केवळ कुतूहलाचे नाही.

आळवीचे भिक्खू आणि मातीचे प्रकार

सहाव्या संघादिसेस नियमाची निदानकथा आळवी नगरीत घडते. तेथील भिक्खू स्वतःसाठी कुटी बांधत होते आणि त्यासाठी लोकांकडे अखंड मागणी करीत होते. त्यांच्या मागण्यांची यादी ग्रंथात दिली आहे : माणूस द्या, बैल द्या, गाडी द्या, कुऱ्हाड, वासला, कुदळ, छिन्नी द्या, वेल द्या, बांबू द्या, मुंज गवत द्या, माती द्या. लोक या याचनेने इतके त्रासले की भिक्खू दिसताच वाट बदलू लागले; दुरून गाय दिसली तरी भिक्खू समजून पळू लागले.

या यादीतील वेल, बांबू, गवत आणि माती हे शब्द एकत्र वाचले की भिंतीचे स्वरूप लगेच ध्यानात येते. बांबूचा ताटवा वेलीने बांधायचा, गवत भरायचे आणि दोन्ही अंगांनी मातीने लिंपायचे. महाराष्ट्राच्या खेड्यात जन्मलेल्या वाचकाला हे वेगळे सांगण्याची गरज नाही. ही कुडाची भिंत होय. पाली ‘कुड्ड’ आणि मराठी ‘कूड’ यांचे नाते उघड आहे. याच नियमाच्या विवरणात कुटीची व्याख्या करताना ती आतून लिंपलेली, बाहेरून लिंपलेली किंवा दोन्हीकडून लिंपलेली असते असे म्हटले आहे. म्हणजे लिंपण हा कुटीचा अलंकार नसून तिचे लक्षणच होते. तथागतांनी या प्रसंगी कुटीचे माप ठरवून दिले : लांबी बारा सुगत-वितस्ती आणि आतील रुंदी सात. बांधकामाची पहिली मर्यादा अशी आकाराची आहे.

दुसरा नियम मातीचाच आहे. दहावा पाचित्तिय भिक्खूला जमीन खणण्यास मनाई करतो. त्याची कथाही आळवीचीच. नवे बांधकाम करणाऱ्या भिक्खूंनी जमीन खणली, तेव्हा लोकांनी तक्रार केली. भूमीत जीव आहे अशी लोकांची समजूत होती आणि त्या समजुतीचा मान राखून नियम झाला. मग ‘भूमी’ कशाला म्हणावे याचे विवरण येते. त्यात दगड, खडे, खापऱ्या, ‘मरुम्ब’, वाळू, धूळमाती आणि चिकणमाती असे भेद केले आहेत. ‘मरुम्ब’ म्हणजे जाडी भरड. हा शब्द कानी पडताच मराठी वाचकाला मुरूम आठवावा. केवळ माती असलेली, दगडगोटे कमी व माती अधिक असलेली आणि माती कमी व दगडगोटे अधिक असलेली, अशी प्रमाणावर आधारलेली प्रतवारीही तेथे आहे. मातीच्या ढिगावर चार महिन्यांहून अधिक पाऊस पडून गेला तर तो पुन्हा ‘जात पठवी’, म्हणजे सजीव भूमी, मानला जातो.

हे विवरण आचारनियमासाठी आहे, बांधकामासाठी नाही, हे खरे. तथापि कणांच्या जाडीनुसार आणि प्रमाणानुसार माती ओळखणे हीच भिंतीच्या मातीच्या परीक्षेची पहिली पायरी असते. नुसती चिकणमाती वाळताना आक्रसते आणि तडकते; नुसती वाळू एकमेकीला धरत नाही. वाळू व खडे सांगाडा होतात आणि चिकणमाती त्यांना बांधून ठेवते. ज्या समाजाच्या भाषेत मातीचे इतके भेद रुळलेले होते, त्याचे मातीशी नाते वरवरचे नव्हते.

लेपाची परंपरा : एकामागून एक उपाय

सेनासनक्खन्धकातील प्रसंग असा आहे. इतर पंथीयांच्या निवासांत पांढरा रंग दिलेला असे, जमीन काळी केलेली असे आणि भिंत गेरूने रंगवलेली असे. लोक ते पाहावयास जात. तथागतांनी विहारातही पांढरा, काळा आणि गेरूचा रंग वापरण्याची अनुज्ञा दिली. येथून खरी अडचण सुरू होते. भिंत खडबडीत असल्याने पांढरा रंग बसेना. तेव्हा तुसाचा गोळा लावून, तो ‘पाणिका’ म्हणजे थापीने सारखा करून, मग रंग देण्याची अनुज्ञा झाली. तरीही रंग धरेना. तेव्हा बारीक माती लावून थापीने सारखी करावी असे ठरले. तेवढ्यानेही भागले नाही, म्हणून ‘इक्कास’ आणि ‘पिट्ठमद्द’ यांची अनुज्ञा मिळाली. ‘समन्तपासादिका’ या अट्ठकथेत आचार्य बुद्धघोष इक्कासाचा अर्थ झाडाचा डिंक वा चिकट रस असा देतात. पिट्ठमद्द म्हणजे पिठाची खळ.

गेरूच्या बाबतीत तुसानंतर ‘कुण्डकमत्तिका’ येते, म्हणजे कोंडा मिसळलेली माती. तीही पुरी पडेना तेव्हा ‘सासपकुट्ट’ म्हणजे मोहरीचे पीठ आणि ‘सित्थतेलक’ म्हणजे वितळवलेले मेण यांची भर पडते. लेप जाड झाला तर तो फडक्याने पुसून काढावा, असेही सांगितले आहे. काळ्या रंगासाठी ‘गण्डुमत्तिका’ सांगितली आहे. अट्ठकथेनुसार ती गांडुळांच्या विष्ठेची माती. तीही न धरल्यास इक्कास आणि ‘कसाव’, म्हणजे आवळा व हिरडा यांचा काढा.

येथे दोन गोष्टी लक्षात घेतल्या पाहिजेत. पहिली अशी की, हे उपाय प्रामुख्याने भिंतीच्या अंगावरील लेपाचे आहेत, तिच्या गाभ्याचे नव्हेत. दुसरी अशी की, मूळ पाठ आणि अट्ठकथा यांत अनेक शतकांचे अंतर आहे. बुद्धघोषांनी इसवी सनाच्या पाचव्या शतकात अनुराधपुरात प्राचीन सिंहली अट्ठकथांच्या आधारे लेखन केले. म्हणून पदार्थाचे नाव मूळ पाठाचे आणि त्याचा खुलासा परंपरेचा, असा विवेक बाळगणे अवश्य आहे.

इतके मान्य करूनही या यादीचे महत्त्व कमी होत नाही. आजच्या पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने तिच्याकडे पाहिले तर प्रत्येक पदार्थाचे कार्य निराळे असल्याचे दिसते. तूस आणि कोंडा वाळत्या मातीचे आक्रसणे विभागून घेतात; त्यामुळे एक मोठी चीर पडण्याऐवजी ताण सर्वत्र पसरतो. डिंक आणि खळ मातीच्या सूक्ष्म कणांना चिकटवतात. मेण पाण्याला आत शिरू देत नाही. गांडुळाच्या पोटातून गेलेली माती बारीक झालेली असते आणि तिचे कण चिकट सेंद्रिय द्रव्यांनी एकत्र धरलेले असतात. आवळा व हिरडा यांत तुरट द्रव्य विपुल असते. ते चिकणमातीच्या कणांशी, विशेषतः लोहयुक्त मातीत, बांधले जाते आणि लोहाशी संयोग होताच काळा रंगही देते. काळ्या रंगाच्या संदर्भातच हिरड्याचा काढा सांगितला जावा, हे आम्हाला अर्थपूर्ण वाटते. पश्चिम आफ्रिकेतील मातीच्या घरांवरही शेंगांचा तुरट काढा आजवर वापरला जात आला आहे.

शिवाय या उताऱ्याची रचना पाहावी. उपाय सांगितला, तो अपुरा ठरला, भिक्खूंनी तसे निवेदन केले, दुसरा उपाय आला. कोठेही चमत्कार नाही, मंत्र नाही, वास्तुदेवतेचे पूजन नाही. अनुभव आणि त्यावरून केलेली दुरुस्ती एवढेच आहे.

भिंतीचा पाया, पाऊस आणि छन्नाचा विहार

मातीची भिंत दोन ठिकाणी मरते : तळाशी ओलीने आणि दर्शनी अंगावर पावसाच्या माऱ्याने. सेनासनक्खन्धकात दोन्हींचा उल्लेख आहे. सखल जागी पाणी भरू लागले तेव्हा जोते उंच करण्याची आणि ते विटा, दगड वा लाकूड यांनी बांधून काढण्याची अनुज्ञा झाली. भिंतीचा पाय झिजू लागला तेव्हा त्याला आधार देण्याचे ठरले. भिंतीवर पाऊस येऊ लागला तेव्हा आडोशाची ताटी आणि ‘उद्दसुधा’ यांची अनुज्ञा मिळाली. अट्ठकथेनुसार उद्दसुधा म्हणजे वासराचे शेण आणि राख घालून मळलेली माती. आपल्या आयाबहिणी शेणामातीचा जो गिलावा पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या, त्याचे नाव बौद्ध वाङ्मयात अशा रीतीने नोंदलेले आहे.

पण लेप चांगला म्हणून तो कितीही द्यावा काय? याचे उत्तर एकोणिसाव्या पाचित्तियात आहे. कोसम्बीच्या घोसितारामात छन्न नावाच्या भिक्खूसाठी त्याच्या उपासक असलेल्या एका महामात्याने विहार बांधून दिला. विहार पूर्ण झाल्यावरही छन्न त्यावर पुनःपुन्हा छप्पर घालवीत राहिला, पुनःपुन्हा लेप देववीत राहिला. शेवटी अतिभाराने विहार कोसळला. मग छन्न गवत आणि लाकडे गोळा करू लागला आणि त्या नादात एका ब्राह्मणाचे जवाचे शेत तुडवले गेले. त्यावरून छप्पराच्या थरांना दोन-तीनची मर्यादा घालण्यात आली. भिंतीला बळ देणारा पदार्थ प्रमाण सोडून वापरला की तोच तिच्या नाशाचे कारण होतो, एवढा व्यवहार या कथेत आहे.

धनियाची कुटी

आता आम्ही या विषयाच्या मर्माकडे येतो. राजगृहाजवळ इसिगिलीच्या उतारावर धनिय हा कुंभारपुत्र भिक्खू गवताच्या कुटीत राहत होता. तो भिक्षेसाठी गेला असता गवत-लाकूड नेणाऱ्यांनी त्याची कुटी मोडून नेली. असे तीन वेळा झाले. तेव्हा त्याने आपल्या परंपरागत कौशल्याचा उपयोग करायचे ठरवले. माती मळून त्याने संपूर्ण मातीची कुटी उभारली आणि गवत, लाकूड, शेण्या रचून ती भाजून काढली. ती इंद्रगोप किड्यासारखी लाल झाली आणि तिचा आवाज किंकिणीसारखा येत असे.

मातीला स्थिर करण्याचा सर्वांत पक्का मार्ग अग्नी हाच आहे. भाजलेली माती पुन्हा चिखल होत नाही. शिल्पाच्या दृष्टीने धनियाने कोणतीही चूक केली नव्हती. गृध्रकूटावरून उतरताना तथागतांनी ती कुटी पाहिली, चौकशी केली आणि ती मोडून टाकण्यास सांगितले. कारण त्यांनी स्पष्ट सांगितले आहे : हे करताना प्राणिमात्रांविषयी दया, अनुकंपा आणि अहिंसा राहिली नाही, आणि पुढे येणाऱ्यांनी याचा कित्ता गिरवून जीवांचा घात करू नये. संपूर्ण मातीची कुटी करू नये, असा नियम झाला.

येथे एक शंका उपस्थित होईल. सेनासनक्खन्धकात जोत्यासाठी आणि छपरासाठी विटेची अनुज्ञा आहे. मग धनियालाच दोष का? आमच्या मते दोन्ही स्थळे एकत्र वाचली की उत्तर मिळते. अग्नीचा सरसकट निषेध नाही. ओल येते तेथे वीट चालेल. पण एका माणसाच्या निवाऱ्यासाठी साऱ्या घराची भट्टी करणे मान्य नाही. भिंत किती मजबूत झाली हा एकच प्रश्न विनय विचारीत नाही. ती मजबूत होताना काय जळले आणि कोण मेले, हाही विचारतो. आणखी एक सूक्ष्म गोष्ट अशी की, धनियाच्या कुंभारकुळाची अवहेलना या प्रसंगात कोठेही नाही. प्रश्न कृतीचा होता, जन्माचा नव्हता.

अजिंठा, वेरूळ आणि बामियान

ग्रंथातील ही परंपरा प्रत्यक्षात उतरली होती काय? कुडाच्या भिंती उरल्या नाहीत, पण लेप उरला आहे. अजिंठ्याच्या चित्रांखाली बेसॉल्टच्या खडबडीत पृष्ठावर मातीचा गिलावा आहे. त्यात भाताचे तूस, गवत आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेले आहेत. वर गुळगुळीत पांढरा पातळ थर आणि त्यावर रंग. खडबडीत भिंत, तूस, बारीक थर, पांढरा रंग, हा क्रम चुल्लवग्गाच्या वाचकाला अपरिचित वाटणार नाही.

मात्र वनस्पतिजन्य पदार्थांचा दोषही तेथेच दिसतो : किडे ते खातात. २०१६ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणात काम केलेले रसायनतज्ज्ञ राजदेव सिंग आणि औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू ओळखल्याचे प्रसिद्ध केले. अजिंठ्याच्या गिलाव्यात हे तंतू नाहीत आणि तेथे किड्यांनी चित्रांची मोठी हानी केली आहे. वेरूळचा गिलावा त्या मानाने सुरक्षित राहिला, असे त्यांचे निरीक्षण आहे. अजिंठ्यानंतरच्या कारागिरांनी मिश्रण बदलले, एवढे यावरून निश्चित दिसते.

धम्म वायव्येकडे गेला तेव्हा मातीचे हे ज्ञान तिकडील कारागिरीशी मिळाले. अफगाणिस्तानातील बामियानच्या ३८ मीटर आणि ५५ मीटर उंचीच्या बुद्धमूर्ती कड्यात कोरलेल्या होत्या. त्यांच्या चीवराच्या चुण्या मात्र मातीच्या लेपात घडवल्या होत्या. मार्च २००१ मध्ये त्या मूर्ती उद्ध्वस्त करण्यात आल्या. अवशेषांच्या तपासणीत लेपात गवताचा भुसा आणि जनावरांचे केस आढळले. त्या सेंद्रिय अंशांवरूनच मूर्तींचा काळ ठरवता आला : लहान मूर्ती इ. स. ५४४ ते ५९५ आणि मोठी ५९१ ते ६४४ या दरम्यानची. माती एकत्र धरण्यासाठी चिखलात टाकलेल्या काडीने चौदा शतकांनंतर इतिहासाची साक्ष दिली.

आजचा प्रश्न

विसाव्या शतकात मातीच्या स्थिरीकरणाला नवे वळण लागले. १९५० च्या दशकात कोलंबियात माती दाबून विटा पाडणारे ‘सिन्वा-राम’ हे हातयंत्र तयार झाले. भारतात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ मध्ये ग्रामीण तंत्रज्ञानासाठी ‘अस्त्र’ हा विभाग सुरू झाला आणि दाबलेल्या मातीच्या विटांवर तेथे दीर्घ संशोधन झाले. अशा विटेत साधारणतः ५ ते १० टक्के सिमेंट वा चुना घालतात. वाळूचे प्रमाण अधिक असेल तर सिमेंट, चिकणमाती अधिक असेल तर चुना. वीट भाजत नाहीत, ओली ठेवून मुरवतात. दख्खनची काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते. ती भिंतीला निकामी, म्हणूनच आपल्या गावांनी घरांसाठी पांढरी माती निवडली.

येथेही धनियाचा प्रश्न संपत नाही. सिमेंट स्वतः भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सिअस तापमानाला भाजून तयार होते. आपल्या अंगणातली आग दूर कारखान्यात गेली, विझली नाही. म्हणून किती टक्के पुरे, हा हिशेब तांत्रिक आहे तसाच नैतिकही आहे.

छन्नाचा विहारही आपल्यापासून दूर नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-धाराशिव भागात भूकंप झाला. किल्लारी आणि आसपासच्या गावांत हजारो माणसे मृत्युमुखी पडली. मोडलेली घरे बहुधा मातीत रचलेल्या दगडांची होती. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थरांना सांधणारे आरपार दगड नव्हते आणि माथ्यावर जड माळवद होते. गळती थांबवण्यासाठी माळवदावर वेळोवेळी माती टाकली जाई आणि भार वाढत जाई. त्यानंतर मातीच्या घराविषयी लोकांच्या मनात भीती बसली. ज्यांनी आप्त गमावले त्यांची भीती खोटी कशी म्हणावी? परंतु दोष मातीच्या जातीचा नव्हता. भाराचा आणि जोडणीचा होता. ‘अतिभाराने कोसळला’ हे छन्नाच्या विहाराचे निदान येथेही लागू पडते.

मातीचे घर हे अज्ञानाचे आणि हीनतेचे चिन्ह, अशी समजूत आपल्या समाजात खोल रुजली आहे. तिला कारण आहे : गावकुसाबाहेर आपल्या माणसांना पक्के घर बांधू दिले जात नव्हते, आणि मातीत हात घालणाऱ्याला मान नव्हता. पक्क्या घराची आकांक्षा त्यामुळे पूर्णतः न्याय्य आहे, तिला कमी लेखणे आम्हाला मान्य नाही. मात्र घर लादलेले असणे आणि घर बांधण्याचे ज्ञान हीन असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. तूस, कोंडा, डिंक, हिरडा, शेण, राख, गांडुळाची माती : हे ज्ञान ज्यांच्या हातांत होते, त्यांना शास्त्रग्रंथांनी बहुधा आपल्या पानांवर जागा दिली नाही. पाली तिपिटकाने दिली, आणि तीही तथागतांच्या अनुज्ञेच्या रूपाने दिली.

आपल्या गावातील वृद्ध स्त्री-पुरुषांना भिंतीच्या मातीत काय काय घालत, किती दिवस चिखल मुरवत, कोणती माती वर्ज्य मानत, हे वाचकांनी विचारून लिहून ठेवावे अशी आमची विनंती आहे. ती वही विनयाच्या पानाशेजारी ठेवून वाचता येईल. अनेक शब्दही तेच असतील : कुण्डक आणि कोंडा, गण्डु आणि गांडूळ, गेरुक आणि गेरू, कुड्ड आणि कूड.